झाशीत मुक्काम सदर बाजार



आमचे एक मित्र आणि वहिनी मागच्या वर्षी इटलीला जाऊन आले. सात देश बारा दिवसांत असला प्रवास त्यांनी केला नाही. ते सरळ रोममध्ये उतरले आणि तिथेच राहिले. सकाळी एक चर्च बघायचं, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पाय मोकळे करायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. परत आल्यावर त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. त्यात सेंट पीटर्समधली ती प्रसिद्ध मूर्ती होती, 'पिएता'. मेरीच्या मांडीवर मुलाचा मृतदेह आहे. वहिनी म्हणाल्या, "मायकेलअँजेलोनं सही केलेलं हे एकच शिल्प. मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर त्यानं स्वतःचं नाव कोरलंय."

घरी येताना बायको म्हणाली, "अहो, आपणही असं एका गावात राहून बघू या की. पण मला व्हिसाच्या रांगेत उभं करू नका."

म्हणून आम्ही झाशीला गेलो. झाशी कुठल्या मराठी माणसाला माहीत नसते? पण खरं सांगतो, आपल्याला त्या गावातली एकच गोष्ट माहीत असते. पाठीला मूल बांधलेली, घोड्यावरची राणी. ती घोडा उडवून निघून जाते आणि आपणही तिच्याबरोबर झाशीतून बाहेर पडतो. मागे काय राहिलं, ते बघायला आपण थांबत नाही. आम्ही पाच दिवस थांबलो. आजच्या भागात त्या पाच दिवसांबद्दल बोलायचं आहे.

उतरलो सदर बाजारात. आता सदर बाजार म्हणजे काय, ते आधी सांगतो. नागपूरकरांना सदर माहीत आहे, पुणेकरांना कॅम्प. महू, कामठी, बेळगाव इथल्या लोकांनाही हे सांगायला नको. इंग्रज जिथे पलटण ठेवत तिथे गावापासून वेगळी छावणी वसवत. रुंद सरळ रस्ते, बंगले, परेडचं मैदान, चर्च, दफनभूमी आणि या सगळ्यांना माल पुरवायला एक मुख्य बाजार. तोच सदर बाजार. झाशीचा सदर बाजार असाच छावणीचा बाजार आहे. जुनं शहर तिकडे किल्ल्याच्या पायथ्याशी, तटबंदीच्या आत. त्याच्या वेशींची नावं ऐकताना मराठी कान टवकारतात, कारण त्यात खंडेराव दरवाजाही आहे.

म्हणजे झाशी ही दोन गावं आहेत. एक मराठ्यांनी वाढवलेलं, दुसरं इंग्रजांनी आखलेलं. आणि या दोन गावांत एक विचित्र वेळ येऊन गेली. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकला, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मोरारची छावणी शिंद्यांना परत करून झाशी पुन्हा स्वतःकडे घेतली. पत्त्यांच्या डावात पानं बदलावीत तशी. झाशीच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेंट ज्यूडच्या देवळात गेलो. देऊळ म्हणतो, कारण आमचा रिक्षावाला तसंच म्हणत होता. हे कॅथलिक तीर्थस्थान आहे. दरवर्षी २८ ऑक्टोबरला, संत ज्यूडच्या सणाला, इथे दूरदूरहून हजारो माणसं येतात आणि त्यातली सगळी ख्रिस्ती नसतात. माउंट मेरीला किंवा वेलंकनीला जशी सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला जातात, तसंच. संत ज्यूड हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. सगळे उपाय थकले की ज्याला हाक मारायची, असा तो संत आहे. त्याच्या अस्थी रोमच्या सेंट पीटर्समध्ये एका वेदीखाली ठेवलेल्या आहेत. झाशीतल्या या चर्चच्या पायातही त्याच्या अस्थीचा एक अंश ठेवला आहे, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे. बायको म्हणाली, "म्हणजे रोमला न जाता रोम पाहिलं."

आणि गंमत बघा, इटलीचा संबंध तेवढ्यावर संपत नाही. झाशीचा हा मुलूख कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत आधी अलाहाबादच्या धर्मप्रांतात होता, आणि अलाहाबादचं काम बराच काळ बोलोन्याकडच्या इटालियन कपुचिन साधूंकडे होतं. पुढे झाशी वेगळी झाली, १९५४ मध्ये तिला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पहिले बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक हे इटलीच्या खालच्या चिमुकल्या माल्टा बेटावरचे. हे तीर्थस्थान त्यांनीच उभं केलं.

चर्चमध्ये बसल्यावर बायकोनं दोन मेणबत्त्या घेतल्या. एक लावली. दुसरी पर्समध्ये ठेवली. मी विचारलं, "ती कशाला?" म्हणाली, "असू दे."

तिथे बसल्या बसल्या मला एक वेगळीच घंटा आठवत होती. नाशिकला गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ना, तीच. ही घंटा मुळात चर्चची आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. त्यातल्या कितीतरी आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर अशीच एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृतीसुद्धा. त्यातलीच एक नाशिकला गेली.

आता तुम्ही विचाराल, याचा झाशीशी काय संबंध? तर हा नारोशंकर म्हणजे झाशीचा मराठा सुभेदार. किल्ला मूळचा ओरछाच्या बीरसिंह देवाचा, १६१३ चा. पण १७४२ मध्ये नारोशंकर इथे आला, त्यानं किल्ला वाढवला, खाली शहर वसवलं. किल्ल्याच्या त्या वाढवलेल्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. आणि नाशिकचं देऊळ बांधलं १७४७ मध्ये, म्हणजे झाशीची सुभेदारी त्याच्याकडे असतानाच. एका चर्चची घंटा एका देवळात गेली आणि तिला नाव मिळालं ते झाशीच्या सुभेदाराचं. ती कुणी ओतली, कुठल्या गावच्या माणसांना ती प्रार्थनेला बोलवायची, ते आपण कधी विचारलं नाही. जिंकणारा आपलं नाव देतो. आपणही दिलं. हे आधी स्वतःला सांगून ठेवावं, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहतं.

तिसऱ्या दिवशी जोखनबाग. इथे पाय जड होतात.

५ जून १८५७ ला झाशीच्या छावणीतल्या १२ व्या बंगाल पलटणीनं बंड केलं. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मारलं. बाकीचे इंग्रज बायकामुलांसह किल्ल्यात शिरले. कॅप्टन स्कीन हा त्यांचा प्रमुख. ८ जूनला जिवाची हमी मिळाली असं समजून ते बाहेर आले, आणि त्यांना जोखनबागेत नेऊन मारण्यात आलं. साठच्या आसपास माणसं. बायकोनं विचारलं, "त्यात मुलंही होती?" मी म्हणालो, "हो." ती बराच वेळ काही बोलली नाही.

राणीचा यात हात होता का? यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. शिपायांवर तिचा ताबा नव्हता, हे दिसतं. तिनं लगेच त्याच जून महिन्यात सागर विभागाचा कमिशनर अर्स्किन याला पत्रं पाठवली, घडलेलं कळवलं, आणि त्यानंही तिला आमची माणसं येईपर्यंत कारभार बघा असं उत्तर दिलं. पण वरच्या सरकारनं ते मानलं नाही. त्यांच्या लेखी जोखनबागेचा हिशोब झाशीकडून वसूल करायचा होता.

तो हिशोब १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाला. सर ह्यू रोज २१ मार्चच्या सुमाराला झाशीपुढे आला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांची कुमक हरली. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. ४ एप्रिलच्या रात्री राणी निघून गेली. आपल्या गोष्टीत इथे घोडा उडतो आणि पान उलटतं. पण शहर तिथेच होतं. त्यातले विणकर, सोनार, भटजी, बायका, मुलं तिथेच होती. आणि मग घरोघर शिरून कत्तल झाली. कित्येक दिवस चालली. मेलेल्यांचे आकडे हजारांत आहेत.

आता नावांची गोष्ट. जोखनबागेत मेलेल्यांसाठी इंग्रज सरकारनं स्मारक उभारलं. त्यातल्या बहुतेकांची नावं कागदोपत्री मिळतात. कोण कुणाची बायको, कुणाची मुलं किती, ते मिळतं. ती जात आपल्या मेलेल्यांची नोंद ठेवणारी. पुण्याच्या कॅम्पात सेंट मेरीज चर्चमध्ये गेलात तर भिंतीभर तशाच शिळा दिसतील. अमुक लेफ्टनंट, वय इतकं, तापानं वारला. मला याचा राग येत नाही. मुलाचं नाव दगडावर कोरावंसं वाटणं हे आईबापांचं काम आहे. मला प्रश्न पडतो तो पलीकडचा. एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या गल्ल्यांत जे मेले, त्यांची नावं कुठे आहेत? त्यांच्यासाठी दगड नाही.

दगड नाही, पण एक पुस्तक आहे. आणि ते मराठीत आहे.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज झालेलं. शिंद्यांच्या बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कळलं म्हणून ते काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेला निघाले. वाटेतच बंड पेटलं. फिरत फिरत ते झाशीला पोचले आणि वेढ्याच्या वेळी शहराच्या आत होते. आत अडकलेल्या साध्या माणसानं, जीव मुठीत धरून लपून बसलेल्या माणसानं, ती झाशी पाहिली. बाहेरच्या तोफांच्या बाजूनं लिहिलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. ज्यांच्यावर गोळे पडत होते त्यांच्यातल्या एकानं असं सविस्तर लिहून ठेवलेलं हे दुर्मीळ पुस्तक. 'माझा प्रवास'.

भटजींनी ते चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून पुढे पंचवीसेक वर्षांनी लिहिलं. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, तेही इंग्रज सरकारच्या काळात छापता येईल अशा बेतानं, फेरफार करून. मूळ लिखाण जसंच्या तसं वाचायला मिळायला १९६६ साल उजाडावं लागलं. दत्तो वामन पोतदारांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणजे जे घडलं ते १८५८ मध्ये, आणि ते पाहिलेल्या माणसाचे शब्द मराठी वाचकाच्या हातात यायला एकशे आठ वर्षं लागली.

चौथ्या दिवशी राणी महाल. हा वाडा रघुनाथ हरी नेवाळकरांच्या काळातला, ते १७६९ ते १७९६ झाशीचे सुभेदार होते. संस्थान खालसा झाल्यावर राणीला किल्ला सोडावा लागला, तेव्हा ती शहरातल्या या वाड्यात राहायला आली. वर्षाला साठ हजार रुपये पेन्शन ठरली होती. वाड्याचा काही भाग १८५८ मध्ये पडला. जे उरलं त्यातल्या दरबार हॉलच्या भिंती आणि छत बघण्यासारखं आहे. वेली, फुलं, पक्षी, सगळं चटक रंगात. कुठे रंग उडाला आहे, कुठे पोपडे निघालेत, पण मान वर करून पाहिलं की एखाद्या जुन्या पैठणीचा पदर उलगडून ठेवल्यासारखं वाटतं.

बायको छताकडे बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "हिला रोज सकाळी उठल्यावर हे दिसत असेल, नाही?" मंडळी, मी राणीवर दहा पुस्तकं वाचली आहेत. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिचा घोडा, तिची तलवार, तिची पत्रं यांचा विचार केला. ती कुठल्या छताखाली झोपत होती, याचा केला नव्हता.

खालच्या चौकाभोवती पुरातत्त्व खात्यानं नवव्या ते बाराव्या शतकातली शिल्पं ठेवली आहेत. झाशीच्या आसपासच्या पडलेल्या देवळांतली. कुणाचे हात तुटलेत, कुणाचं नाक. देव ओळखू येतात, घडवणारे नाही. मायकेलअँजेलोनं मेरीच्या पट्ट्यावर नाव कोरलं. आपल्याकडे कारागिरानं नाव घालायची रीत फारशी नव्हती. त्यात नम्रता असेलही, पण त्यानं काय झालं? काम राहिलं, माणूस गेला.

राणीचे पती गंगाधरराव नाटकांचे शौकीन, घराण्याकडे ग्रंथांचा मोठा संग्रह होता. गोडसे भटजी सांगतात, लुटीत ते ग्रंथालयही उद्ध्वस्त झालं. पोथ्यांची रेशमी वेष्टनं काढून घेतली आणि पानं रस्त्यावर फेकली. स्वतः पोथ्यांवर जगणारा माणूस हे बघत होता. माणसं मेली ते सांगताना त्यांचा हात जितका जड झाला असेल, तितकाच तो इथेही झाला असेल असं वाटतं. त्या पानांवर कुणाकुणाची नावं होती, ते आता कळायचा मार्ग नाही.

पाचव्या दिवशी आम्ही ओरछाला गेलो. झाशीपासून रिक्षानं जाता येईल एवढंच अंतर. तिथे टेकाडावर लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे. १६२२ चं बीरसिंह देवाचं, पुढे दुरुस्त केलेलं. दुरून देऊळ कमी आणि गढी जास्त वाटतं. आत भिंतींवर आणि छतांवर चित्रं आहेत. राम आहे, कृष्ण आहे, आणि मग अचानक बंदुकधारी गोऱ्या शिपायांच्या रांगा. तोफा. तटावर चढणारी माणसं. हे झाशीच्या लढाईचं चित्र, असं तिथे सांगतात.

आता हे लक्षात घ्या. ओरछा हे झाशीच्या बाजूचं संस्थान नव्हतं. १८५७ मध्ये ओरछाचा दिवाण नत्थेखान झाशीवर चालून आला होता आणि राणीनं त्याला परतवलं होतं. म्हणजे हे चित्र आहे शत्रूच्या देवळात. ते काढायला कुणी सांगितलं? कुणाच्या बाजूनं काढलं? पण रामकृष्णांच्या ओळीत त्या चित्रकाराला ही लढाई काढावीशी वाटली, एवढं खरं. शेजारचं गाव जळताना ज्यानं पाहिलं असेल किंवा ऐकलं असेल, तो माणूस पुढे कितीही देव काढत बसला तरी त्याच्या कुंचल्यातून ते कधीतरी उतरणारच.

बायकोनं पर्समधली मेणबत्ती तिथेच बाहेरच्या पायरीवर लावली. वारा होता. तीनदा विझली. चौथ्यांदा ओंजळीचा आडोसा केला, तेव्हा लागली. मी विचारलं नाही कुणासाठी.

संध्याकाळी सदर बाजारात परत आलो. रोज ज्या दुकानात चहा प्यायचो तिथेच बसलो. दुकानदारानं त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, कुठून आलात? पुण्याहून म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "फिर तो आप रानी के मायकेवाले हुए।"

बायकोचे डोळे भरून आले. माहेरची माणसं! माहेरची माणसं मुलीच्या सासरी येतात तेव्हा निदान विचारतात तरी, बाकीचे सगळे कसे आहेत? आपण दीडशे वर्षं फक्त आपल्या मुलीबद्दल विचारत होतो.

मग त्याला आम्ही गोडसे भटजींबद्दल सांगितलं. आत लपून बसलेल्या त्या कोकणी ब्राह्मणाबद्दल. त्याला माहीत नव्हतं. माझा मोडका हिंदी धीर धरून ऐकत तो म्हणाला, हे हिंदीत मिळेल का? मिळेल. अमृतलाल नागरांनी 'माझा प्रवास' हिंदीत आणला आहे, 'आँखों देखा ग़दर' या नावानं. त्यानं बिलाच्या कागदाची मागची बाजू घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि नाव लिहून घेतलं. आधी पुस्तकाचं, मग नागरांचं. मग थांबून विचारलं, "और वो पंडितजी का नाम?" ते मी सांगितलं. विष्णुभट गोडसे. त्यानं तेही लिहिलं.

मंडळी, बुंदेलखंडात, माळव्यात, ग्वाल्हेर-इंदूरकडे तुमचं कुणी गेलं असेल, घरात एखादी जुनी वही असेल, हिशोबाची, वंशावळीची, तीर्थोपाध्यायाकडची, तर ती रद्दीत देऊ नका. त्यातल्या नावांचा मोठ्यांना विचारून एकदा नीट कागद करून ठेवा. कोण, कुठला, कधी गेला. एवढंच. भाषा चांगली नसली तरी चालेल. विष्णुभटही काही लेखक म्हणून घराबाहेर पडले नव्हते.

पुढच्या भागात आपण ग्वाल्हेरला जाऊ. राणी तिथे गेली होती, आणि आता तिच्या मागे कोण कोण राहिलं ते बघत आपणही जाऊ. नमस्कार.